टाटा सफारी : सात माणसांचे घर आणि गाडीची तिसरी रांग

तीन रांगांची मोठी गाडी घेताना आपण जे जादा पैसे मोजतो ते मुख्यतः तिसऱ्या रांगेसाठी मोजतो, आणि शोरूममध्ये सर्वांत कमी पाहिली जाते तीही तिसरी रांगच. बॉनेट उघडून इंजिन पाहिले जाते, सनरूफ दोनदा उघडून मिटवले जाते, मोठ्या पडद्यावर गाणे लावून स्पीकरचा आवाज ऐकला जातो. शेवटच्या रांगेत मात्र घरातले एखादे लहान मूल क्षणभर बसते, 'मस्त आहे' म्हणून उतरते आणि तेवढ्यावर वीस-बावीस लाखांचा व्यवहार ठरतो. आमच्या घरी डिझेल ऑटोमॅटिक टाटा सफारी आहे. तिने कोल्हापूरचा पावसाळा पाहिला आहे, लग्नसराई पाहिली आहे, कोकणातले घाट उतरले आहेत आणि पुण्याच्या खेपाही केल्या आहेत. त्यावरून माझे स्पष्ट मत असे झाले आहे की, ज्या घरात एरवी पाच माणसे आणि प्रसंगी सात माणसे प्रवास करतात त्या घरासाठी ही गाडी उत्तम आहे. रोज सात मोठी माणसे बसणार असतील तर मात्र दुसरी गाडी पाहावी.

आमचे घर राजारामपुरीत आहे. आई-वडील, आम्ही दोघे, दोन मुले आणि धाकटा भाऊ अशी सात माणसे आम्ही एकत्र राहतो. रोजच्या कामाला छोटी गाडी आहेच. मोठी गाडी हवी होती ती सगळ्यांना एकाच वेळी एकाच गाडीतून जाता यावे यासाठी. जोतिबाला जायचे असो, गडहिंग्लजला आजोळी जायचे असो किंवा मे महिन्यात मालवणकडे उतरायचे असो, दोन गाड्या काढाव्या लागत आणि मुलांना कोणत्या गाडीत बसवायचे यावर निघण्याआधीच अर्धा तास जाई. माझी पत्नीही गाडी चालवते, आणि लांबच्या प्रवासात आम्ही आळीपाळीने चालवतो. त्यामुळे ऑटोमॅटिक गिअर ही आमची पहिली अट होती. या एका अटीने इनोव्हा क्रिस्टा यादीतून गेली, कारण २०२३ पासून ती २.४ लिटर डिझेल इंजिनात केवळ मॅन्युअल गिअरसहच मिळते. एरवी कोल्हापुरात सात माणसांची गाडी म्हटले की वडीलधाऱ्यांच्या तोंडी पहिले नाव इनोव्हाचेच येते, आणि ते अकारण येत नाही.

उरलेल्या गाड्यांपैकी इनोव्हा हायक्रॉसची मागची रांग सर्वांत ऐसपैस आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. हायक्रॉसचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, २८५० मिलिमीटर आहे आणि सफारीचा २७४१ मिलिमीटर. कागदावर चार इंचांच्या आसपास दिसणारा हा फरक मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांना लगेच कळतो. पण हायक्रॉसचे जे हायब्रिड इंजिन खरोखर घेण्यासारखे आहे, त्याची किंमत आमच्या आवाक्याबाहेर जात होती. महिंद्राची एक्सयूव्ही ७०० ही तोडीस तोड गाडी. तिच्या डिझेल इंजिनाची ताकद १८५ अश्वशक्ती आहे, तर सफारीच्या १९५६ सीसी इंजिनाची १७०, आणि चालवताना तो फरक जाणवतो. आमचा कल सफारीकडे झाला तो आईमुळे. सफारीच्या छताला मागच्या अर्ध्या भागात एक पायरीसारखा उंचवटा आहे, जो १९९८ च्या पहिल्या सफारीपासून तिची ओळख आहे, आणि त्यामुळे मधली रांग पुढच्या रांगेपेक्षा थोडी उंचावर घेता आली आहे. आई मधल्या रांगेत बसली आणि तिला पुढच्या सीटच्या वरून रस्ता दिसला. गाडीत बसल्यावर बाहेरचे मोकळे दिसले नाही तर तिला मळमळते, म्हणून आमच्यासाठी ही बाब पंधरा अश्वशक्तींपेक्षा मोठी होती.

स्कॉर्पिओ-एन ही आणखी वेगळ्या जातीची गाडी आहे. ती लॅडर फ्रेमवर, म्हणजे ट्रकप्रमाणे वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर बांधलेली आहे आणि तिच्यात फोर-व्हील ड्राइव्ह मिळते. आजची सफारी अशी नाही. १९९८ ची सफारी सांगाड्यावरची होती, मागच्या चाकांवर चालत होती आणि चारही चाकांना जोर देणारी आवृत्तीही तिच्यात होती. २०२१ साली आलेली सफारी लँड रोव्हरच्या डी८ प्लॅटफॉर्मवरून, म्हणजे गाडीच्या तळाच्या मूळ रचनेवरून, विकसित केलेल्या एकसंध बॉडीची आहे आणि ती फक्त पुढच्या चाकांवर चालते. नाव तेच असल्याने अनेकांची गल्लत होते. करवीर किंवा कागल तालुक्यात ज्यांची शेती आहे आणि ज्यांना ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टरने उखडलेल्या, चाकोऱ्या पडलेल्या वाटेने थेट फडापर्यंत गाडी न्यायची आहे, त्यांनी सफारी घेऊ नये. त्यांच्यासाठी स्कॉर्पिओ-एनच योग्य आहे. आमची शेती डांबरी रस्त्याला लागून आहे आणि आमचा बहुतेक प्रवास पक्क्या रस्त्यावरचा आहे. अशा रस्त्यावर एकसंध बॉडीची गाडी कमी डोलते, वळणावर कमी कलते, आणि मागे बसलेल्या वृद्ध माणसाचे अंग कमी आदळते.

शोरूममध्ये आम्ही भर दुपारी, गर्दी नसताना, घरातल्या सातही जणांसह गेलो आणि सातही जणांना आपापल्या जागी बसवून सर्व दरवाजे व डिकी लावून घेतली. गाडी पाहण्याची ही पद्धत मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो, कारण उघड्या दरवाजांच्या गाडीत जागा नेहमीच जास्त वाटते. धाकटा भाऊ पावणेसहा फुटांचा आहे. तो शेवटच्या रांगेत बसला तेव्हा डोके छताला लागले नाही, पुढच्या सीटला गुडघे जेमतेम टेकले. पण मांड्या सीटवरून अधांतरी राहिल्या आणि गुडघे पोटाच्या पातळीला आले. या वर्गातल्या बहुतेक गाड्यांची हीच अडचण आहे, कारण तिसऱ्या रांगेच्या खाली मागचा एक्सल येतो, स्टेपनी येते, आणि त्यासाठी गाडीची जमीन उंच घ्यावी लागते. जमीन उंचावली की सीट आणि तळ यांतले अंतर कमी होते आणि बसणाऱ्याला जवळजवळ उकिडवे बसावे लागते. दहा-बारा वर्षांच्या मुलाला याचा काहीही त्रास होत नाही. मोठा माणूस पाऊण तास, तासभर आनंदाने बसतो; त्यानंतर तो जागा बदलून मागू लागतो. मागच्या रांगेला एसीचे स्वतंत्र झोत आहेत आणि मोबाइल चार्ज करण्याची सोय आहे, त्यामुळे एप्रिल-मेच्या उन्हातही मागून तक्रार येत नाही.

मधल्या रांगेत दोन स्वतंत्र कॅप्टन सीट घ्याव्यात की तिघांची सलग बेंच सीट, हा प्रश्न घरात बरेच दिवस चालला. कॅप्टन सीट दिसायला देखण्या आहेत, त्यांच्या मधून वाट असल्याने सीट न दुमडता मागे जाता येते, आणि वृद्ध माणसाला दोन्ही बाजूंना हात टेकायला जागा मिळते. पण मग गाडी सहा माणसांची होते आणि ही रचना वरच्या, महागड्या व्हेरिएंटमध्येच मिळते. सात माणसांच्या घराने सहा आसनांची गाडी घ्यावी हे मला पटले नाही. बेंच सीटमध्ये मागच्या रांगेत जायचे तर मधल्या रांगेचा एक भाग पुढे दुमडावा लागतो. म्हणूनच ज्या घरात लहान बाळ आहे आणि बाळाची सीट आयसोफिक्सच्या, म्हणजे ती अडकवण्यासाठी गाडीच्या सीटमध्येच दिलेल्या, कड्यांना कायमची लावलेली असणार आहे, त्यांनी ती कोणत्या बाजूला लावली असता मागची वाट मोकळी राहते, हे शोरूममध्येच बाळाची सीट सोबत नेऊन पाहावे. ही गोष्ट कोणताही विक्री प्रतिनिधी आपणहून सांगत नाही.

डिकीचे गणित तर आणखी कठोर आहे. तिन्ही रांगा उभ्या असताना डिकीत ७३ लिटर जागा उरते. तिसरी रांग दुमडली की ती ४२० लिटर होते. ७३ लिटर म्हणजे केबिनमध्ये नेण्याच्या दोन लहान बॅगा आणि एखादी पिशवी. सात माणसे मुक्कामाला निघाली की सामानाचे काय करायचे, हा प्रश्न गाडी घेण्याआधी सोडवावा लागतो. आम्ही छतावर कॅरिअर बसवून घेतले आणि पावसाळ्यासाठी त्यावर जाड ताडपत्री ठेवली. सहा जण असतील तेव्हा मागच्या रांगेची अर्धीच बाजू दुमडायची, एक मूल तिथे बसवायचे आणि उरलेल्या अर्ध्या जागेत सुटकेस उभ्या लावायच्या, ही मांडणी आम्हाला सर्वांत सोयीची वाटते. मागची रांग निम्मी-निम्मी दुमडते, हे या गाडीचे फारसे न बोलले जाणारे पण रोज उपयोगी पडणारे वैशिष्ट्य आहे. देवगडहून परतताना हापूसच्या पेट्या अशाच आल्या आणि मूलही आरामात झोपून आले.

आता पैशांचे. जाहिरातीतली एक्स-शोरूम किंमत आणि हातात पडणारी ऑन-रोड किंमत यांत महाराष्ट्रात जो मोठा खड्डा पडतो तो प्रामुख्याने एकरकमी वाहन कराचा असतो. वैयक्तिक नावावर घेतलेल्या डिझेल गाडीला १० ते २० लाखांच्या दरम्यान १४ टक्के आणि २० लाखांच्या वर १५ टक्के कर लागतो; पेट्रोल गाडीला हेच दर १२ आणि १३ टक्के आहेत. म्हणजे २२ लाखांच्या डिझेल गाडीवर सुमारे ३ लाख ३० हजार रुपये केवळ या कराचे होतात. गाडी कंपनीच्या किंवा संस्थेच्या नावावर घेतली तर हा दर २० टक्क्यांवर जातो, त्यामुळे व्यवसायाच्या खात्यात घसारा दाखवता येईल म्हणून फर्मच्या नावाने गाडी घेऊ पाहणाऱ्या व्यापारी बांधवांनी आधी आपल्या सनदी लेखापालाबरोबर बसून दोन्ही बाजूंचा हिशेब करावा. १० लाखांवरच्या गाडीवर विक्रेता एक टक्का टीसीएसही घेतो. तो खर्च नसून आगाऊ भरलेला आयकर आहे आणि विवरणपत्रात तो वळता करून घेता येतो. अनेकांना हे ठाऊक नसल्याने ती रक्कम तशीच सोडून दिली जाते. दिलासा असा की २२ सप्टेंबर २०२५ पासून या आकाराच्या गाड्यांवरचा जीएसटी आणि उपकर मिळून असलेला ५० टक्क्यांचा बोजा सरसकट ४० टक्क्यांवर आला आहे.

विम्याबाबत दोन शब्द अधिक लिहितो. नव्या गाडीला तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे आणि १५०० सीसीवरच्या गाडीसाठी २०२२ मध्ये ठरलेला त्याचा दर २४,५९६ रुपये आहे; हा भाग सगळीकडे सारखाच असतो. फरक पडतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात. विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे असे कोणतेही बंधन ग्राहकावर नाही. आम्ही ज्या पहिल्या ठिकाणी चौकशी केली, तिथे विमा आणि ॲक्सेसरीजचे पॅकेज दोन्ही तिथूनच घेतल्याशिवाय लवकर गाडी मिळणार नाही असे गोड शब्दांत सुचवले गेले. आम्ही प्रत्येक बाबीची रक्कम वेगवेगळी लिहून मागितली, ती मिळाली नाही, तेव्हा उठून दुसरीकडे गेलो. बावीस लाख देणाऱ्या माणसाला लेखी तपशील मागण्याचा पूर्ण हक्क आहे आणि तो मागताना संकोच वाटण्याचे कारण नाही.

दसरा, पाडवा आणि अक्षय्य तृतीया या मुहूर्तांना कोल्हापुरातील शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नसते. पुष्पहार, पेढे, चाकाखाली लिंबू, नारळ आणि फोटो या धांदलीत गाडी नीट तपासणे अशक्य असते. म्हणून गाडीचे पासिंग होण्याआधी, साध्या दिवशी, सकाळच्या उजेडात जाऊन ती पाहावी. आम्ही चारही टायर आणि स्टेपनी यांच्या बाजूवर कोरलेले चार आकडी अंक वाचले. त्यांतले पहिले दोन अंक वर्षातला आठवडा आणि शेवटचे दोन अंक साल सांगतात, त्यामुळे २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. गाडी नवी आणि टायर वर्षभर जुने, किंवा चार टायर एका महिन्याचे आणि एक वेगळा, असे आढळले तर तिथेच विचारावे. पासिंग झाल्यावर, म्हणजे एमएच-०९ चा क्रमांक मिळाल्यावर, गाडी बदलून मागणे फार अवघड होते. मुहूर्त आम्हीही सोडला नाही. गाडी तपासून ठेवली होती, म्हणून पाडव्याला फक्त किल्ली घेऊन अंबाबाईच्या दर्शनाला जायचे उरले होते.

शहरात ही गाडी चालवण्याबद्दल लोक भीती घालतात. गाडीची लांबी ४६६८ मिलिमीटर आणि रुंदी आरशांशिवाय १९२२ मिलिमीटर आहे. स्टिअरिंग हलके आहे, बसण्याची जागा उंच आहे, आणि पुढचे टोक कुठे संपते याचा अंदाज लवकर येतो; त्यामुळे राजारामपुरीच्या सरळ, आखीव गल्ल्यांत अडचण येत नाही. गंगावेश, महाद्वार रोड, गुजरी या भागांत मात्र गाडी नेऊच नये. बिंदू चौकाच्या बाजूला लावून पुढे चालत जाणे हाच मार्ग. खरी अडचण घराच्या फाटकाची आणि अपार्टमेंटच्या खांबांमधल्या पार्किंगची असते. आठ फुटांपेक्षा अरुंद फाटकातून ही गाडी रोज काढणे म्हणजे रोज आरसे मिटवणे. आत गेल्यावर दोन्ही बाजूंचे दरवाजे पुरते उघडत नसतील तर वयस्क माणसांना गाडी बाहेर काढूनच बसवावे लागते. आमच्याकडे तसेच करतो. गाडी रस्त्यावर आणून, कडेला समांतर लावून, मग आईला बसवतो. तिची उंची पाच फुटांच्या आत आहे आणि ती नऊवारी नेसते. गाडीचा तळ तिच्या गुडघ्याच्या वर येतो, म्हणून दोन्ही बाजूंना रुंद पायऱ्या बसवून घेतल्या. दरवाजाच्या वरच्या मुठीला तिचा हात पोहोचत नव्हता, तर आधी पायरीवर उभे राहून सीटच्या पाठीला धरायचे आणि मग बसायचे, अशी रीत तिने स्वतःच शोधून काढली. ज्या घरात गुडघेदुखीचे माणूस आहे त्यांनी सनरूफपेक्षा या पायरीवर आणि मुठीवर जास्त वेळ घालवावा.

खड्ड्यांच्या दृष्टीने चाकांचा आकार महत्त्वाचा आहे. सफारीच्या वेगवेगळ्या व्हेरिएंटमध्ये १७, १८ आणि १९ इंची चाके मिळतात. १९ इंची चाकाचा टायर २४५/५५ मापाचा आहे, म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामध्ये रबराची उंची सुमारे १३५ मिलिमीटर. १८ इंची चाकाच्या २३५/६० टायरमध्ये हीच उंची १४१ मिलिमीटर होते आणि १७ इंचीमध्ये ती १५३ च्या जवळ जाते. जितके रबर जास्त तितका खड्ड्याचा दणका कमी, आणि रिम वाकण्याची शक्यताही कमी. आम्ही १८ इंची चाकांचे मधले व्हेरिएंट घेतले. मोठी चाके फोटोत रुबाबदार दिसतात हे खरे. पण पावसाळ्यातल्या कोल्हापूरच्या रस्त्यांवर गाडी रोज चालवायची आहे.

घाटात मला ही गाडी मनापासून आवडली. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना सात माणसे आणि छतावर सामान असले तरी गाडी ठाम राहते. सहा गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स मॅन्युअल मोडमध्ये घेऊन दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर उतरावे, म्हणजे इंजिनच गाडी आवरते आणि ब्रेक तापत नाहीत. चढताना ३५० न्यूटन मीटरचा टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, उपयोगी पडतो. एसटीच्या मागे अडकून एकदम निघायचे असेल तेव्हाही गाडी दम खात नाही. पण मुलांना गाडी लागते ती मागच्या रांगेतच, हेही घाटातच कळले. शेवटची रांग मागच्या चाकांच्या वर असल्याने प्रत्येक वळणाचा आणि उसळीचा हेलकावा तिथे सर्वांत जास्त बसतो, शिवाय पुढचा रस्ता दिसत नाही. आता घाट सुरू होण्याआधी आम्ही जागा बदलतो. मुले मधल्या रांगेत येतात आणि मी किंवा भाऊ, ज्याच्या हाती त्या वेळी स्टिअरिंग नसेल तो, मागे जातो. आंबा घाटात आणि फोंडा घाटातही हाच नियम पाळतो, आणि तेव्हापासून पिशव्या हाताशी ठेवण्याची वेळ क्वचितच आली आहे.

महामार्गावर गाडी तिच्या खऱ्या रूपात येते. पुण्याला जाताना किणी, तासवडे, आनेवाडी आणि खेड-शिवापूर असे चार टोलनाके लागतात. टोलच्या बाबतीत एवढी मोठी गाडीही कार-जीपच्याच गटात मोडते. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी गाड्यांसाठी फास्टॅगचा वार्षिक पास सुरू झाला आहे (सुरू झाला तेव्हा तो ३,००० रुपयांचा होता) आणि त्यात राष्ट्रीय महामार्गांवरच्या २०० फेऱ्या, म्हणजे २०० वेळा टोलनाका ओलांडणे, येते. ज्यांची मुले पुण्यात शिकतात त्यांनी तो घ्यावाच. ॲव्हरेज म्हणाल तर शहरात १० ते ११ आणि महामार्गावर ऐंशी-नव्वदच्या वेगाने १४ च्या आसपास मिळते. सात माणसे, एसी आणि छतावर सामान असेल तर ते आणखी खाली येते. टाकी ५० लिटरची आहे. कोल्हापूर-पुणे जाऊन-येऊन एका टाकीत होते. तरीही मी परतताना साताऱ्याजवळ थोडे डिझेल भरून घेतो.

डिझेल घ्यावे की नाही, याचा निर्णय मात्र ॲव्हरेजवर न घेता आपल्या रोजच्या अंतरावर घ्यावा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाल्यापासून डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत डीपीएफ नावाची जाळी असते. इंजिनाची काजळी त्या जाळीत साठते आणि नळी पुरेशी तापली की आपोआप जळून जाते. नळी तापण्यासाठी गाडी काही काळ सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते. कोल्हापूर शहर लहान आहे. राजारामपुरीहून शाहूपुरी, शाहूपुरीहून ताराबाई पार्क अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत ती कधीच पुरेशी तापत नाही, काजळी साचत जाते आणि शेवटी डॅशबोर्डवर दिवा लागतो. आम्ही आठवड्यातून एकदा तरी गाडी महामार्गाने कागलपर्यंत नेऊन आणतो, त्यामुळे तो दिवा आमच्याकडे लागलेला नाही. ज्यांची गाडी आठवडाभर केवळ गावातच फिरणार आहे, मुलांना शाळेत सोडणार आहे आणि महिन्यातून एखाद्या वेळीच बाहेर पडणार आहे, त्यांनी डिझेलचा हट्ट सोडावा. करातले दोन टक्के वाचतील ते वेगळेच.

सुरक्षिततेच्या बाबतीत सफारीचे नाव आदराने घ्यावे लागते. भारत एनकॅप ही आपल्या देशाची अपघात चाचणी १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली आणि त्याच डिसेंबरमध्ये तिचे पहिले निकाल लागले ते सफारी आणि टाटांचीच हॅरिअर यांचे. दोन्ही गाड्यांना पाच तारे मिळाले. प्रौढांच्या सुरक्षेत ३२ पैकी ३०.०८ आणि मुलांच्या सुरक्षेत ४९ पैकी ४४.५४ गुण. सहा एअरबॅग सर्व व्हेरिएंटमध्ये आहेत. एवढे असूनही एक गोष्ट गंभीरपणे लक्षात घ्यावी. या चाचणीत प्रौढांचे पुतळे पुढच्या दोन सीटवर आणि दीड व तीन वर्षांच्या मुलांचे पुतळे मधल्या रांगेत बसवलेले असतात. तिसऱ्या रांगेत कोणीही नसते. तिथे बसणाऱ्याच्या पाठीमागे डिकीचा दरवाजा हातभर अंतरावर असतो, म्हणून तिथे पट्टा लावणे अधिकच आवश्यक आहे, आणि आपल्याकडे नेमका तिथेच तो लावला जात नाही. लग्नाला निघताना सात माणसांच्या गाडीत नऊ-दहा माणसे कोंबणे हा आपल्या भागात प्रेमाचा भाग समजला जातो. पाहुण्यांना नाही म्हणणे जड जाते. तरीही आमच्या गाडीत जितके पट्टे तितकीच माणसे बसतात आणि उरलेल्यांसाठी रिक्षा बोलावली जाते. सुरुवातीला काका रागावले होते. आता तेच इतरांना मोजून बसवतात.

पावसाळ्याबद्दल लिहिल्याशिवाय कोल्हापुरातल्या कोणत्याही गाडीचे परीक्षण पुरे होत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, आणि २०१९ व २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांवर गेले. त्या दिवसांत शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन कोल्हापूर कितीतरी काळ तुटले होते. गाडी उंच आहे म्हणून ती पाण्यातून जाईल, हा विश्वास अत्यंत घातक आहे. इंजिनाला हवा पुढच्या बाजूने लागते. त्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये शिरले की पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतात. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करून पाहिली की नुकसान पक्के होते, आणि साध्या विम्यात ते नुकसान बहुधा नाकारले जाते. म्हणून इंजिन संरक्षणाचे जादा कवच दरवर्षी नूतनीकरणाच्या वेळी मागून घ्यावे लागते. ते आपोआप पुढे चालू राहत नाही. आमच्या घरी जुलै-ऑगस्टमध्ये बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांवर गेल्याची बातमी आली की नागाळा पार्कातल्या आत्याकडे गाडी नेणे बंद होते आणि आत्याचीच गाडी आमच्या फाटकात येऊन उभी राहते. तेवढ्यापुरती सफारी बाहेर रस्त्यावर लावतो, आणि विम्याची प्रत व मदतीचा क्रमांक चालवणाऱ्या तिघांच्याही मोबाइलमध्ये ठेवलेला असतो.